नुसती टेकवायची शिडी

मित्रांनो, माझ्या डाव्या दांड्याला जो पोचा दिसतोय, तो एका माणसाच्या डोक्याचा आहे. उगाच लपवाछपवी कशाला, आधीच सांगून टाकते. मी जुनी शिडी आहे, ॲल्युमिनियमची, दोन भाग एकमेकांत सरकणारी, बावीस पायऱ्यांची. सध्या पोलीस चौकीच्या मागच्या अंगणात दोन मोडक्या मोटरसायकली आणि एका गंजक्या कपाटाशेजारी पडून आहे. माझ्या गळ्यात दोरीने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर नंबर लिहिला आहे. शिडीला गळा कुठून आला म्हणाल, तर वरून तिसऱ्या पायरीला बांधलीय, पण मला ती गळ्यातच असल्यासारखी वाटते.

माझा जन्म काही लाडाकोडात झाला नाही. एका लांबलचक शेडमध्ये नळ्या कापल्या, दांड्यांना भोकं पाडली आणि पायऱ्या घणाने ठोकून बसवल्या. ठोकणारा कामगार दिवसाला चाळीस शिड्या ठोकायचा आणि चाळीस जणींना शिव्या घालायचा. शेवटी तपासनीस आला. माणूस चांगला गलेलठ्ठ होता, म्हणूनच त्याला त्या जागी नेमलं असावं. तो प्रत्येक पायरीवर चढून दोनदा उडी मारायचा. माझ्यावर त्याने चव्वेचाळीस उड्या मारल्या आणि मी हूं की चूं केलं नाही. "ही पडू देणार नाही कुणाला," एवढं बोलून तो पुढच्या शिडीकडे गेला. त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं ऐटीत काढली.

मला विकत घेतलं बारक्याने. नाव बारक्या आणि उंची सव्वासहा फूट. लहानपणी पडलेलं नाव, वाढत्या हाडांनी त्याची काही पर्वा केली नाही. तो ब्रॉडबँडच्या नव्या कंपनीचा लाइनमन होता. खांबावरून तार ओढायची, भिंतीवर खिळे मारत ती खिडकीपर्यंत न्यायची, घरात डबी बसवायची, हे त्याचं काम. जितकी घरं जोडेल तितकी कमाई. मोठ्या बहिणीजवळ राहायचा. ताई एका दवाखान्यात ड्रेसिंग करायची आणि घरी आली की माझ्यावर टॉवेल वाळत घालायची. मला राग यायचा, पण ताईला कोण बोलणार?

बारक्याची एक सवय मला फार आवडायची. रोज सकाळी तो मला अंगणात आडवी निजवायचा आणि एकेका पायरीवर दोन्ही तळहात टेकवून सगळं वजन टाकायचा. कुठे कुरकुर ऐकू आली की पाना घेऊन बसायचा. रबराचे पाय झिजले की लगेच नवे. "तू धड तर मी धड," असं पुटपुटायचा. मीही त्याला शेकडो वेळा वर नेलं आणि खाली आणलं, आणि एकदाही पाय घसरू दिला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. त्या वस्तीत दोन कंपन्या होत्या. जुनी कंपनी आधीपासून पाय रोवून बसलेली, घरोघरी तिच्याच तारा. नवी कंपनी स्वस्त, पण लोकांना बदलाचा कंटाळा. मग लोक करायचे काय, तर जुन्या कंपनीला फोन लावून धमकी द्यायचे. दर कमी करा, नाहीतर आम्ही चाललो दुसरीकडे. पलीकडून एक गोड आवाज म्हणायचा, थांबा, लाइनवर राहा. मग चाळीस मिनिटं संगीत. कंपनीला पक्कं ठाऊक होतं की जातो जातो म्हणणारा माणूस कुठे जात नाही.

एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक मास्तरीणबाई राहायच्या. जन्मभर गणित शिकवलेलं, त्यामुळे फुकट एक आकडा इकडचा तिकडे होऊ द्यायच्या नाहीत. एके दिवशी बारक्याला त्यांच्या शेजारच्या घरात काम होतं. शेजारच्या भिंतीखाली गटाराचं झाकण फुटलेलं, पाय रोवायला जागा नाही, म्हणून त्याने मला बाईंच्या भिंतीला टेकवलं आणि तार आणायला गेला. तेवढ्यात जुन्या कंपनीचा तिथला ठेकेदार गल्लीतून चालला होता. तो सावलीतही काळा चष्मा लावायचा, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणायचे. त्याने मला पाहिलं, वर बाईंची खिडकी पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. अर्ध्या तासात बाईंचा फोन वाजला. गोड आवाज स्वतःहून म्हणत होता, बाई, वेग दुप्पट करतो, दर निम्मा करतो, पण जाऊ नका.

बाई खिडकीत आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. मग बारक्याला हाक मारून म्हणाल्या, "अरे बाळा, तू काम आटोप सावकाश. शिडी मात्र संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे."

झालं. आठवड्याभरात सगळ्या वस्तीला कळलं की फोनवरची धमकी कुणी मोजत नाही, भिंतीला टेकवलेली शिडी मोजतात. बारक्याला बोलावणी येऊ लागली. जोडायचं काही नाही रे, नुसती दोन तास टेकव, चहा घे, हे थोडे पैसे ठेव. पहिल्यांदा तो लाजला. पण नवी घरं मिळत नव्हती, आणि टेकवण्यात ना उन्हात चढायचं होतं, ना खिळे मारायचे होते. सकाळी एका भिंतीला, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. लोक मला गल्लीतून येताना पाहून हसायचे, म्हणायचे, आली बघा घासाघीस करणारी.

खरं सांगते मित्रांनो, मला ते आवडलं. मला बघून एवढ्या मोठ्या कंपनीची तंतरते, म्हणजे मी कोण लागून गेले असं वाटायला लागलं. भिंतीला रेलून उभी राहायची आणि आत बाई-बाप्ये फोनवर कसे गुरगुरतात ते ऐकायची. शिडीवर कुणी चढत नाही, ही खरं तर शरमेची गोष्ट आहे. मला ती शरम फार उशिरा वाटली.

बारक्याचं सकाळचं तपासणंही बंद पडलं. चढायचंच नाही तर दाबून बघायचं कशाला? माझे दोन भाग अडकवून धरणारे लोखंडी आकडे गंजले. एका पायाचं रबर निघून गेलं, त्याने तिथे चिंधी बांधली. ताई एकदा जेवताना त्याला म्हणाली, "तू वर चढतोस तेव्हा मला काही वाटत नाही. हे जे खाली उभं राहून दुसऱ्याच्या भांडणात शिडी लावतोस ना, त्याची मला भीती वाटते. मार तुला बसेल, सूट त्यांना मिळेल."

"ताई, कोण मारतंय? एवढीशी तर गोष्ट," तो म्हणाला.

मारणारे पंधरा दिवसांत आले. दर कमी केले की कंपनी ते गॉगलच्या हिश्शातून कापायची, आणि गॉगलचा हिस्सा आता नावाला उरला होता. मास्तरीणबाईंनी दुसऱ्यांदा मला बोलावलं होतं. दर आणखी खाली आणायचा होता. बारक्याने मला टेकवलं आणि वळला, तर मागे गॉगल उभा आणि शेजारी त्याचा माणूस, जाड्या. जाड्याने काही विचारलं नाही. बारक्याची मानगूट धरली आणि त्याचं तोंड भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. भिंतीचा गिलावा खरबरीत होता. बारक्याच्या ओठाचा एक तुकडा तिथेच राहिला, दात माझ्या खालच्या पायरीवर पडून टणकन वाजला. तो खाली कोसळला तसे दोघं लाथा घालू लागले, बरगड्यांत, पोटात, मांड्यांवर. मग गॉगल त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला. तार कापायची पक्कड काढली, बारक्याची करंगळी तिच्यात धरली आणि पिरगाळली. हाड मोडल्याचा आवाज मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता.

"टेकव अजून," गॉगल म्हणाला. "नऊ राहिलीत."

वर खिडकी उघडी होती. मास्तरीणबाई फोन कानाला लावून उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. मला वाटलं, आता ओरडतील, माणसं गोळा करतील. पण पलीकडून नेमकं त्याच वेळी कुणीतरी बोलायला लागलं असावं, कारण बाईंनी तोंडावरचा हात काढला आणि फोन खिडकीबाहेर धरला.

"ऐकू येतंय ना?" त्या म्हणाल्या. "तुमचीच माणसं माझ्या दारात एकाला मारतायत. पोलिसांत जाऊ की दर कमी करता?"

त्यांना दर कमी करून मिळाला. त्यांनी पोलिसांना फोन केला नाही. इतर खिडक्यांतही पडदे हलत होते, आणि मी शिडी असले तरी कान शाबूत आहेत. निदान दोन घरांतून तरी तोच फोन चालू होता.

तेवढ्यात बारक्या उठला. कसा उठला देव जाणे. एक डोळा मिटलेला, हाताचं बोट लोंबतंय, तोंडातून रक्त गळतंय. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं आणि गोल फिरवलं. माझा डावा दांडा जाड्याच्या कानशिलावर बसला. जाड्याने बसकण मारली आणि डोकं धरून तसाच बसला. त्याच्या बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं. बारक्याने मला पुन्हा उचललं. त्या क्षणी मलाही वाटत होतं, हाण अजून एक. ज्या शिडीला कुणाला पडू देणार नाही म्हणून शाबासकी मिळाली होती, तिला एक डोकं फोडून समाधान झालं. गॉगल जाड्याला ओढत घेऊन गेला. बारक्या माझ्यावर डोकं टेकवून ओकला.

ताईने त्याचं बोट बांधलं, ओठ शिवून आणला. माझ्यावरचं रक्त मात्र तिने पुसलं नाही. ते वाळून काळं झालं.

तुम्हाला वाटेल, यानंतर बारक्याने हा धंदा सोडला असेल. नाही सोडला. उलट मागणी वाढली. रक्त लागलेली शिडी दारात दिसली की कंपनी आणखी लवकर वाकायची. लोक त्याला दुप्पट पैसे देऊ लागले आणि बोटाची चौकशी करू लागले. गॉगलच्या माणसांनी त्याची स्कूटर जाळली. बारक्याने रात्रीत जाऊन काही केलं नाही, भर सकाळी जाऊन गॉगलच्या ताराच कापल्या. मग दोन गल्ल्यांत दगडफेक झाली. एका बाईचं कपाळ फुटलं. तिनेही त्या महिन्यात दर कमी करून घेतला.

आता जे सांगते ते मी पोलिसांनाही सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

भर दुपार होती. मी मास्तरीणबाईंच्या भिंतीला टेकलेली, तिसऱ्यांदा. बारक्या कोपऱ्यावर चहा पीत होता. गॉगल आला, बरोबर जाड्या, डोक्याला अजून पट्टी. गॉगल माझ्यावर चढला. इतक्या दिवसांत माझ्यावर चढलेला तो पहिला माणूस. सोळाव्या पायरीपर्यंत गेला, खिशातून करवतीचं पातं काढलं आणि पायरीची नळी खालच्या बाजूने, दांड्याला लागून, कापायला लागला. दोन्हीकडून कापली, वरची पातळ साल तेवढी शिल्लक ठेवली. चिरेत ग्रीस आणि धूळ भरली. वर खिडकीत बाई पाठमोऱ्या होत्या, फोनवर आकड्यांची खेचाखेच चाललेली.

"अरे, पडेल ना तो," जाड्या खालून म्हणाला. "मरेल एखाद वेळी."

"चढतोय कुठे तो?" गॉगल उतरत म्हणाला. "नुसता टेकवतो. मग कापली काय आणि न कापली काय."

जाड्याने माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला. मग मान खाली घालून निघून गेला.

मी ओरडायचा प्रयत्न केला मित्रांनो. शिडीचं ओरडणं म्हणजे कुरकुरणं. बारक्या मला खांद्यावर घेऊन घरी नेत होता तेव्हा मी सोळाव्या पायरीतून कुरकुरत होते. तळहात टेकवून एकदा जरी दाबलं असतं तरी पायरी त्याच्या हातात आली असती. तो शीळ वाजवत होता.

त्या वेळी फोनवर बाईंचं मात्र जमलं नाही. कंपनीच्या माणसाने सरळ सांगितलं, जायचं असेल तर खुशाल जा. आणि दुसऱ्या दिवशी चिडलेल्या गॉगलने त्यांची तार कापून टाकली. बाईंची मुलगी दूरच्या शहरात. तिचं दीड वर्षाचं पोर नुकतं बोलायला लागलेलं, रोज संध्याकाळी पडद्यावर येऊन आजीला एक नवा शब्द म्हणून दाखवायचं. तीन संध्याकाळी पडदा काळा राहिला. चौथ्या दिवशी बाईंनी बारक्याला बोलावलं.

"या वेळी नुसती टेकवू नकोस," त्या म्हणाल्या. "खरंच जोड. पोराने तीन दिवस मला पाहिलं नाही."

बारक्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू. किती महिन्यांनी कुणीतरी त्याला त्याचं खरं काम सांगत होतं. घरी धावत आला, तारेचं भेंडोळं खांद्यात अडकवलं, ड्रिल मशीन घेतलं, मला उचललं. "ताई, आज चढायचंय," असं दारातून म्हणाला. ताई टॉवेल घड्या करत होती, ती हसली. तिने त्याला हसून पाठवलं.

तो भराभर चढला. पाच, आठ, अकरा. त्याचे पाय माझ्या पायऱ्या विसरले नव्हते, आणि मला त्याचं वजन अंगावर येताच रडू कोसळलं. चौदावर थांबून त्याने वर हाक दिली, "बाई, संध्याकाळच्या आत पोराशी बोलाल." पंधरा. मग त्याने सोळावर पाय ठेवला आणि सगळं वजन टाकलं.

पायरी काडकन गेली. तो दांडा धरायला गेला, पण मोडलेली करंगळी नीट जुळून आली नव्हती, त्या हाताची पकड बसली नाही. पडताना त्याची हनुवटी माझ्या दहाव्या पायरीवर आदळली आणि मान मागे गेली. मग खाली शेजारच्या गटाराच्या त्या फुटक्या झाकणाची कड होती, त्यावर डोकं. आवाज मोठा झाला नाही. ड्रिल मशीन मात्र त्याच्या हाताजवळ बराच वेळ फिरत राहिलं.

बाई जिना उतरून धावत आल्या. त्यांच्या मुठीत फोन होता. त्या बारक्याशेजारी गुडघ्यावर बसल्या, त्याचं डोकं उचलायला गेल्या आणि हात लाल करून तशाच थांबल्या. आणि फोन वाजला. बाईंनी मदतच आली समजून उचलला असावा. पलीकडे तोच गोड आवाज होता. बाई, आपली लाइन तुटल्याचं कळलं, क्षमस्व. आपण परत यावं म्हणून खास आपल्यासाठी निम्म्याहूनही कमी दर.

बाईंची नजर बारक्याच्या उघड्या डोळ्यांवर होती. तोंड नुसत्या सवयीने बोललं.

"अजून कमी करा," त्या म्हणाल्या.

मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं. त्यांनी फोन भिंतीवर फेकला आणि त्या तोंडात पदर कोंबून ओरडायला लागल्या. गल्लीतली माणसं आता मात्र बाहेर आली. दवाखान्याची गाडी गल्लीत येईना, म्हणून मला आडवी केली, वर एक पडदा टाकला आणि बारक्याला माझ्यावर निजवून चौघं निघाले. पुढचं एक टोक जाड्याने धरलं होतं, तो कुठून धावत आला कोण जाणे. तो सारखा म्हणत होता, मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. बारक्याची पाठ माझ्या मधल्या पायऱ्यांवर होती. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ती थोडी थोडी हलत होती. दवाखान्याच्या दारात ताई उभी होती, कामाचा पांढरा कोट घालून. तिने एकदाच हात लावून पाहिलं आणि मला म्हणाली, होय, मलाच म्हणाली, "त्याला खाली ठेव आता."

गॉगल आत आहे, जाड्याने साक्ष दिली. ती चिठ्ठी माझ्या गळ्यात त्यासाठीच. आणि वस्तीचं म्हणाल, तर महिन्याभरात जुन्या कंपनीने सगळ्या गल्लीला निम्मा दर लावून टाकला. कुणी फोन केला नव्हता, कुणी मागितला नव्हता. बोभाटा नको म्हणून दिला. सगळ्यांनी घेतला. मास्तरीणबाईंनीही घेतला, नातवाशी बोलायचं असतं. ताईच्या घरीही कागद आला. तिने तो फाडला नाही, सही न करता परत पाठवला.

मित्रांनो, घासाघीस जरूर करा. कंपन्या काही आपल्या मावश्या नाहीत. पण जातो म्हणाल तर स्वतःच्या पायांनी जा. तुमच्या धमकीपायी दुसऱ्या कुणाला भिंतीशी उभं करू नका, आणि केलंत तर त्याला मार पडताना पडदा ओढू नका. खटला संपला की माझा लिलाव होईल, मला कुणीतरी नेईल. तो तुम्ही असाल तर तुमच्या पाया पडते, मला भंगारात घाला. दुरुस्त करू नका. सोळावी पायरी नवी बसवली तरी मी त्या माणसाला पाडलंय, आणि मला आता कुणाचंही वजन अंगावर नको आहे.